वादळानंतर सर्व्हर सापडेना, काट्यावर गाड्यांची रांग लागलीय, कुणीतरी सांगा

काटेवाला_सावदा (सकाळी ९.१२)

नमस्कार मंडळी, अर्जंट आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. आमचा केळीचा व्यापार आहे सावद्याजवळ, स्वतःचा वजनकाटा आहे आणि ऑफिसात तीन कॉम्प्युटर अधिक एक सर्व्हर, म्हणजे सर्व्हर म्हणजे काय तर साधाच कॉम्प्युटर पण त्याच्यावर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस, म्हणजे डेटा सांभाळणारं सॉफ्टवेअर, टाकलेलं आहे आणि पावती, पट्टी, खाती सगळं त्यातच. काल संध्याकाळी सहाच्या सुमारास जे वादळ आलं ते तुम्हाला माहितीच असेल, लाईट गेली ती पहाटे चारला आली. यूपीएस थोडा वेळ टूं टूं करून बंद पडला, म्हणजे सर्व्हर नीट बंद करायला कुणी नव्हतंच.

सकाळी सर्व्हर चालू केला, आधी काळ्या स्क्रीनवर एफ१ दाबा असं काहीतरी येत होतं, दाबलं, विंडोज आलं. सॉफ्टवेअर उघडलं तर उघडेना, मग पंधराएक मिनिटांनी परत दाबलं तर सर्व्हरवर उघडलं. पण काट्याच्या केबिनमधल्या आणि काउंटरवरच्या दोन्ही कॉम्प्युटरवर उघडत नाही. इंग्रजीत लांबलचक येतं, त्यात शेवटी "एरर लोकेटिंग सर्व्हर/इन्स्टन्स स्पेसिफाइड" आणि एरर २६ असं आहे.

सॉफ्टवेअरवाला फोन उचलत नाही. रात्री बागा आडव्या झाल्यात, पडलेला माल आजच्या आज कापून गाडीत गेला पाहिजे म्हणून रोजच्या दुप्पट ट्रॅक्टर दारात उभे आहेत. आत्ता मी एकटा सर्व्हरवर बसून पावत्या फाडतोय आणि पोरगा काट्यावरून वजन ओरडून सांगतोय. डेटा उडाला का काय असं वाटून हातपाय गळालेत. काय करू?

धुयेकर_भो (९.२०)

काय व्हयनं भो, येवढा का घाबरी ऱ्हायना. पहिले चहा पी ले. तुन्हा डेटा कोठे जात नही, सर्व्हरवर उघडी ऱ्हायनं म्हणजे डेटा शे.

आता मराठीत सांगतो. काट्याचा डिस्प्ले तर सर्व्हरवर अवलंबून नाही ना? मग पोराला ओरडायला लावू नको, कच्च्या पावतीबुकात गाडी नंबर, शेतकरी, भरलेलं वजन, रिकामं वजन लिहून ठेव, वेळ पण टाक, आणि गाड्या सोड. नंतर निवांत चढवता येतं. रांग गेली की डोकं चालतं. आणि हो, राउटर एकदा बंद-चालू कर, निम्मे आजार तिथंच बरे होतात.

जिनिंगवाला_चोपडा (९.२६)

आमच्याकडं जिनिंगवर मागच्या सीझनला सेम झालं होतं लाईट गेल्यावर. सॉफ्टवेअर उघडतच नव्हतं. एकाने सांगितलं की डेटाच्या फोल्डरमध्ये दोन फाइल असतात, एक एमडीएफ आणि एक एलडीएफ, त्यातली एलडीएफ लॉगची असते, नुसता कचरा असतो, ती काढून टाकली की नवीन तयार होते आणि चालू होतं. त्याने काहीतरी करून चालू करून दिलं आम्हाला तासाभरात. बघ करून.

यावलची_लेक (९.३१)

काटेवाले दादा, एलडीएफला हात लावू नका. नावसुद्धा बदलू नका. आधी हे वाचा मग बाकीचं.

मी यावलची, सध्या पुण्यात, डेटाबेसचंच काम करते. घरी केळीच आहे त्यामुळं तुमच्या दारात आज काय चालू असेल ते समजतंय.

तुमच्याकडं मुनीम रोजकीर्द आणि खतावणी ठेवायचे ना पूर्वी? व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत नोंद, मग सवडीने ती ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत जायची. एसक्यूएल सर्व्हर अगदी तेच करतो. एलडीएफ ही रोजकीर्द आहे आणि एमडीएफ ही खतावणी. तुम्ही पावती सेव्ह केली की ती आधी एलडीएफमध्ये लिहिली जाते आणि ते लिहून झालं की तुम्हाला "सेव्ह झालं" असं दिसतं, एमडीएफमध्ये ती थोड्या वेळाने इतर नोंदींबरोबर जाते. म्हणजे लाईट गेली त्या क्षणाला काही पावत्या अशा असणारच की ज्या फक्त रोजकीर्दीत आहेत. आणि उलटंही असतं, एखादा व्यवहार अर्धाच झालेला, त्यातला अर्धा भाग खतावणीत जाऊन बसलेला. तो अर्धवट भाग पुसायचा कसा हेसुद्धा रोजकीर्दीतच लिहिलेलं असतं.

म्हणून परत चालू झाल्यावर सर्व्हर आधी ती रोजकीर्द वाचतो, जे पक्कं झालं होतं पण खतावणीत गेलं नव्हतं ते चढवतो, जे अर्धवट होतं ते पुसतो, आणि मगच दार उघडतो. सकाळी पंधरा मिनिटं सॉफ्टवेअर उघडत नव्हतं ना? तो तेव्हा हेच करत असणार. त्या पंधरा मिनिटांत जर कुणी एलडीएफ उडवली असती तर आत्ता आपण वेगळ्याच विषयावर बोलत असतो. नीट बंद न झालेल्या डेटाबेसची एलडीएफ काढली तर बहुतेक वेळा तो परत जोडलाच जात नाही, आणि जोरजबरदस्तीने जोडला तरी आतला हिशोब जुळेल याची कुणी खात्री देऊ शकत नाही.

आता एरर २६. हा एरर डेटाचा नाहीच. याचा अर्थ एवढाच की काउंटरवरचा कॉम्प्युटर हाका मारतोय आणि पलीकडून ओ येत नाहीये. डेटाबेस खराब असता तर कनेक्शन लागून मग आत गेल्यावर तक्रार आली असती, डेटाबेस उघडता येत नाही, एरर ४०६० वगैरे. तुमचं अजून दारापर्यंतच पोचलेलं नाही. तेव्हा डेटाची काळजी थोडी बाजूला ठेवा, घोळ नेटवर्कमध्ये आहे.

तीन गोष्टी सांगा. काउंटरच्या कॉम्प्युटरवर आणि सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाकून दोन्हींचे पत्ते. सर्व्हरवर सर्व्हिसेसमध्ये एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर नावाची सर्व्हिस चालू आहे का. आणि कालपासून ऑफिसात काय काय बदललंय, काहीही असो.

जिनिंगवाला_चोपडा (९.३६)

अहो ताई पण आमचं झालं होतं चालू. अनुभवाचं सांगितलं.

तापीकाठचा (९.४१)

ताईंनी बरोबर सांगितलंय. मी भुसावळला हार्डवेअर-नेटवर्किंग करतो, वादळानंतरचे पंधरा दिवस आमचा सीझनच असतो. त्यात भर एवढीच घालतो की सर्व्हिस सारखी सारखी रिस्टार्ट करू नका. एसक्यूएल सर्व्हर प्रत्येक वेळी चालू होताना नवीन एररलॉग फाइल उघडतो आणि जुन्या फक्त सहाच ठेवतो. लोक घाबरून आठ-दहा वेळा रिस्टार्ट मारतात आणि मग मूळ बिघाड ज्या फाइलीत लिहिलेला होता तीच गायब झालेली असते. ती फाइल आधी डेस्कटॉपवर कॉपी करून घ्या. प्रोग्राम फाइल्स, मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर, त्यात एमएसएसक्यूएलने सुरू होणारं फोल्डर, त्यात परत एमएसएसक्यूएल, त्यात लॉग. एररलॉग नावाची फाइल, पुढं एक्स्टेन्शन नसतं, नोटपॅडने उघडते.

काटेवाला_सावदा (१०.०५)

धुयेकर भो, पावतीबुकाची आयडिया भारी, डोक्यातच आलं नव्हतं, सहा गाड्या सोडल्या.

ताई, एलडीएफला हात लावला नाही, खरं सांगू तर फोल्डर उघडून बसलो होतो. तुमचा मेसेज दोन मिनिटं उशिरा आला असता तर गेलीच होती.

काउंटर: १९२.१६८.०.१०२. सर्व्हर: १९२.१६८.१.१०. ब्राउझर रनिंग दाखवतंय. सर्व्हरवर नेट पण चालत नाहीये पण ते वादळामुळं असेल म्हणून सोडून दिलं, काउंटरवर मात्र चालतंय.

एररलॉगमधल्या ओळी बघून लिहितो, "२०१५-०१-०१ ००:०७ रिकव्हरी ऑफ डेटाबेस, ४१ टक्के कम्प्लीट, फेज २ ऑफ ३" अशा बऱ्याच आहेत, आकडा वाढत गेलाय, शेवटी रिकव्हरी कम्प्लीट. म्हणजे चांगलंच ना? काल लाईट गेली तेव्हा आमचे अकाउंटवाले नाना वर्षभराची खाती रीपोस्ट करत बसले होते, त्यामुळं एवढा वेळ लागला का?

बदललं तसं काही नाही.

तापीकाठचा (१०.०९)

काही नाही?? दोन्ही पत्त्यांचा तिसरा आकडा बघा भाऊ. एक शून्य आणि एक एक. हे दोघं वेगवेगळ्या गल्लीत राहतात, एकमेकांना हाक ऐकू जाणार कशी. सर्व्हरला पत्ता हाताने पक्का करून दिलेला दिसतोय, तो १ च्या गल्लीतच राहिला. काउंटरला पत्ता राउटर देतो, आणि राउटर आता ० ची गल्ली वाटतोय. राउटर आपोआप गल्ली बदलत नाही. राउटर तोच आहे का?

काटेवाला_सावदा (१०.१३)

अरे हो. राउटर पेटला ना रात्री, म्हणजे अडॅप्टरचा वास येत होता आणि लाइट लागत नव्हती. पुतण्याने सकाळी घरचा जुना राउटर आणून लावला. नेट आलं म्हणून मी समजलो झालं काम. ते सांगायचं राहिलं.

धुयेकर_भो (१०.१४)

हाऊ घे. डॉक्टरले सगळं सांगस, फक्त काय खादं तेच सांगत नही.

तापीकाठचा (१०.२२)

आता ऐका, प्रत्येक कॉम्प्युटरचे पत्ते बदलत बसू नका आणि सर्व्हरचा तर मुळीच नको, सॉफ्टवेअरमध्ये सगळीकडं १९२.१६८.१.१० लिहिलेलं असणार. त्यापेक्षा घरच्या राउटरलाच जुन्या राउटरची जागा द्या. काउंटरवरून क्रोमसारख्या इंटरनेटच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकून राउटरमध्ये जा, पासवर्ड बहुतेक खाली स्टिकरवर असेल, लॅन सेटिंगमध्ये पत्ता १९२.१६८.१.१ करा. त्याच्याच जवळ डीएचसीपीची रेंज असते, म्हणजे राउटर आपोआप जे पत्ते वाटतो ते, ती १०० पासून पुढे ठेवा म्हणजे सर्व्हरचा १० नंबर उद्या कुणाच्या मोबाईलला वाटला जाणार नाही. हे विसरलं की महिन्याभराने परत रडायला येतात लोक. सेव्ह केल्यावर राउटर परत चालू होईल, पान हँग झाल्यासारखं वाटेल कारण पत्ताच बदलला, घाबरू नका. मग काउंटरच्या केबल काढून परत लावा.

यावलची_लेक (१०.२४)

आणि दादा, ते २०१५ काय आहे? एररलॉगच्या ओळीत तारीख २०१५-०१-०१ लिहिलीय तुम्ही. चुकून टाईप केलं की खरंच तसं आहे? सर्व्हरच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा आधी. आणि सकाळपासून सर्व्हरवर बसून ज्या पावत्या काढल्या त्यांच्यावर कुठली तारीख छापली गेलीय?

काटेवाला_सावदा (१०.३१)

देवा रे.

अकरा पावत्या. सगळ्यांवर ०१/०१/२०१५. तीन शेतकरी पावती घेऊन घरी पण गेले. मी आपला वजन आणि नाव बघत होतो, तारखेकडं कोण बघतं.

तापीकाठचा (१०.४०)

तो एफ१ याचसाठी होता. मदरबोर्डवर एक नाण्यासारखा गोल सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा, तो मेलाय. गंमत अशी की तो सहा महिन्यांपूर्वी पण मेलेला असू शकतो. रोज रात्री तुम्ही कॉम्प्युटर बंद करता पण पाठीमागचं बटण आणि भिंतीवरचा बोर्ड चालूच असतो ना, तोपर्यंत घड्याळाला तिथूनच करंट मिळत राहतो, सेलची गरजच पडत नाही. काल दहा तास लाईट नाही, यूपीएस पण संपला, म्हणजे पहिल्यांदाच त्या सेलवर पाळी आली आणि तो झोपला. मग बायॉस, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, सगळं विसरलं, तारीख मूळ जागी गेली आणि एफ१ दाबा म्हणून विचारलं. चाळीस-पन्नास रुपयात मिळतो, घड्याळाच्या दुकानातसुद्धा.

नुसता सेल टाकून थांबू नका, बायॉसमध्ये जाऊन तारीख-वेळ टाका आणि लाईट आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग असेल तर ती पण बघा, ती पण पुसली गेली असेल.

यावलची_लेक (१०.४४)

घड्याळ आत्ताच्या आत्ता हाताने दुरुस्त करा, सेल नंतर. नेट आल्यावर विंडोज स्वतः करून घेईल असं समजू नका, फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असला तर साध्या विंडोजमध्ये ते आपोआप बदलत नाही, आणि इथं तर वर्षांचा फरक आहे.

त्या अकरा पावत्यांची तारीख टेबलमध्ये जाऊन कुणाकडूनही बदलून घेऊ नका, एखादा उत्साही भाचा असतो प्रत्येकाच्या घरात. पट्टी, खातं, साठा तिन्ही ठिकाणी ती तारीख गेलेली असणार आणि आर्थिक वर्ष तर भलतंच. सॉफ्टवेअरमधूनच रद्द करून नवीन करा, नानांना शेजारी बसवून. जुन्या पावत्यांचे नंबर कागदावर लिहून ठेवा.

काटेवाला_सावदा (११.२०)

अपडेट. घड्याळ लावलं. राउटरचा पत्ता बदलला, पुतण्यानेच केला. काउंटर आता १९२.१६८.१.१०१ दाखवतोय, सर्व्हरवर पण नेट आलं. पण सॉफ्टवेअर अजून तेच, एरर २६. गल्ली तर एक झाली आता??

यावलची_लेक (११.२६)

गल्ली एक झाली पण दाराला कडी आहे. विंडोज नेटवर्क ओळखतं ते राउटरवरून. राउटर नवीन म्हणजे त्याच्या दृष्टीने नेटवर्कच नवीन, आणि अनोळखी नेटवर्कला ते पब्लिक समजतं, म्हणजे तुम्ही जणू स्टेशनवरच्या फुकट वायफायवर बसलाय. मग फायरवॉल बाहेरून आलेलं काहीच आत घेत नाही. सॉफ्टवेअरवाल्याने परवानगी दिली असेल ती फक्त प्रायव्हेटसाठी दिली असेल, बरेच जण तसंच करतात, आणि ते बरोबरच आहे.

सर्व्हरवर सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट, तिथं पब्लिकच्या जागी प्रायव्हेट करा. फायरवॉल बंद करू नका, कितीही कुणी सांगितलं तरी. चाललं नाही तर बघू, मग १४३४ चा यूडीपी आणि इन्स्टन्सचा, म्हणजे तुमच्या एसक्यूएल सर्व्हरचा, टीसीपी पोर्ट बघावा लागेल, पोर्ट म्हणजे आत यायचं नंबरचं दार. नाव देऊन केलेल्या इन्स्टन्सला पोर्ट दर वेळी वेगळा मिळू शकतो, तो कुठला हे ब्राउझर सर्व्हिस १४३४ वर सांगते, तुमचा २६ नंबरचा एरर म्हणजे ती चौकशीच अडकतेय.

आणि दर वेळी सॉफ्टवेअर उघडून बघायची गरज नाही. काउंटरवर रिकामी टेक्स्ट फाइल करा, तिचं एक्स्टेन्शन यूडीएल करा, डबल क्लिक केलं की एक खिडकी येते, त्यात सर्व्हरचं नाव, युजर, पासवर्ड टाकून टेस्ट कनेक्शन दाबायचं. लागलं की नाही लगेच कळतं.

काटेवाला_सावदा (११.३८)

लागलं!!! प्रायव्हेट केलं आणि यूडीएलने टेस्ट केलं, "टेस्ट कनेक्शन सक्सीडेड". सॉफ्टवेअर पण उघडलं दोन्ही काउंटरवर. ताई, पाया पडतो.

फक्त काट्याच्या केबिनमधला उघडत नाही अजून. त्याचा पत्ता १९२.१६८.४३ वगैरे दिसतोय.

तापीकाठचा (११.४०)

४३ म्हणजे कुणाच्या तरी मोबाईलचा हॉटस्पॉट. सकाळी नेट नव्हतं तेव्हा कुणीतरी जोडून ठेवलंय.

काटेवाला_सावदा (११.४४)

पोराचा मोबाईल. जोडून गाडीवर चढायला गेला होता. झालं, चारही चालू. आता पावतीबुकातल्या चौदा गाड्या चढवतोय.

जिनिंगवाला_चोपडा (दुपारी १२.१५)

काटेवाले, चालू झालं ते बरं झालं. आणि ताई, एक विचारू का, तुमचं रोजकीर्दीचं वाचल्यापासून डोक्यात घोळतंय. आमच्याकडं एलडीएफ उडवून चालू केलं तेव्हा त्या संध्याकाळच्या कपाशीच्या चार गाड्या सापडत नव्हत्या. म्हणजे काट्याची पावती शेतकऱ्याच्या हातात होती आणि कॉम्प्युटरमध्ये नाही. आणि एका गाडीचं उलट, साठ्यात कपाशी जमा होती पण खात्यावर शेतकऱ्याचं नावच नाही. मुनीमजी म्हणाले लाईट गेली तेव्हा राहिलं असेल, त्यांनी हाताने बसवलं. ते याच्यामुळंच का?

यावलची_लेक (१२.२२)

हो दादा, याच्यामुळंच. चार गाड्या फक्त रोजकीर्दीत होत्या, ती फाडली. आणि पाचवी अर्धी खतावणीत गेलेली होती, तिचा अर्धा भाग पुसायला काही उरलं नाही. हे पकडलं तुमच्या मुनीमजींनी, दुसरीकडं वर्षअखेरपर्यंत कळत नाही. एकदा डीबीसीसी चेकडीबी, म्हणजे डेटाबेस तपासायची कमांड, चालवून घ्या कुणाकडून तरी, शेवटाकडच्या ओळीत अॅलोकेशन एरर ० आणि कन्सिस्टन्सी एरर ० आलं की फाइल धड आहे. हिशोब जुळतो का हे मात्र ते सांगत नाही, ते मुनीमजींचंच काम.

काटेवाले दादा, तुम्ही पण आज रात्री गाड्या संपल्या की चालवा. काही चुका दाखवल्या तर दुरुस्तीचा जो पर्याय डेटा गेला तरी चालेल म्हणतो तो दाबू नका, आधी इथं या. बॅकअप कुठं आहे तुमचा?

काटेवाला_सावदा (१२.३०)

डी ड्राइव्हला रोज पडतो.

तापीकाठचा (१२.३१)

त्याच हार्डडिस्कच्या डी ला?

काटेवाला_सावदा (१२.३२)

हो.

तापीकाठचा (१२.४५)

म्हणजे तिजोरी आणि तिची दुसरी किल्ली एकाच पिशवीत. काल राउटरचा अडॅप्टर जळला तसा हार्डडिस्कचा बोर्ड जळला असता तर सी पण गेला असता आणि डी पण. एक्स्प्रेसमध्ये ठरल्या वेळी कामं करणारा एजंट नसतो, पण विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडी या कमांडने रात्री बॅकअप पडतो, तो पडला की काउंटरच्या कॉम्प्युटरवर कॉपी व्हावा आणि आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर घरी जावा. पेनड्राइव्ह सर्व्हरलाच लावून ठेवू नका, लोक तेही करतात.

यूपीएसचं सांगतो. बारा व्होल्ट सात एएचची बॅटरी असते आत, आपल्याकडं मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा जातो, बंद केबिनमध्ये ती दोन वर्षांत फुगते. तुमचा किती मिनिटं चालला काल? दोन-तीन मिनिटं असेल तर बॅटरी बदला. आणि बदलताना असा यूपीएस घ्या ज्याला मागं यूएसबी आहे, तो सर्व्हरला जोडला की बॅटरी संपत आल्यावर कॉम्प्युटर स्वतः नीट बंद होतो, मग पंधरा मिनिटांची रिकव्हरी पण नाही आणि रोजकीर्दीची भीती पण नाही. स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसला ते नसतं, दुकानदाराला विचारून घ्या.

शिवाय अर्थिंग. काट्याला लोखंडी प्लॅटफॉर्म, बाहेर उघड्यावर, आणि तिथून वायर सरळ केबिनमध्ये. उन्हाळाभर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकलं होतं का कुणी?

काटेवाला_सावदा (१२.५२)

खड्डा कुठं आहे तेच विचारावं लागेल.

धुयेकर_भो (१२.५५)

त्या खड्डावर कोनी तरी केळी लायेल व्हई.

काटेवाला_सावदा (रात्री ९.१०)

उशिरा लिहितोय, आत्ता शेवटची दिल्लीची गाडी गेली. चेकडीबी चालवलं, शेवटी शून्य आणि शून्य आलं. सेल टाकला, एफ१ विचारत नाही आता. सॉफ्टवेअरवाल्याचा चारला फोन आला, त्याला पोर्ट पक्का १४३३ करून सॉफ्टवेअरच्या कनेक्शनमध्येही तोच टाकायला सांगितलं म्हणजे ब्राउझर सर्व्हिसची चौकशी मध्ये येणार नाही, ताई असंच म्हणायचं होतं ना तुम्हाला? तो म्हणाला तुम्हाला कुणी सांगितलं हे.

अकरापैकी आठ पावत्या नानांनी रद्द करून नवीन दिल्या, दोन शेतकरी संध्याकाळी येऊन बदलून घेऊन गेले. अकरावे वडगावचे एक काका आहेत, त्यांना फोन केला तर म्हणे पावती मी बदलणार नाही, गावातल्या ग्रुपवर फोटो टाकलाय आणि सगळे विचारताहेत की २०१५ साली हा भाव कुठं मिळत होता. उद्या सकाळी मीच जातो नवीन पावती घेऊन.